हेडसेट मांजराच्या डोक्यावर नको, जग त्याच्या पायाखाली ठेवा

तुमच्या घरी दोन मांजरं आहेत, दीड वर्षाचा बोका आणि दहा वर्षांची मनी. तुम्ही युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी जगं बनवता आणि ती डोळ्यांपुढे दाखवणारा हेडसेट चढवून काम करत असलात की दोघं हमखास पायात येतात. त्यावरून तुम्हाला सुचलं की या दोघांना प्रतिसाद देणारं, त्यांच्याशी खेळणारं एक जग करावं. तुमचे प्रश्न तीन आहेत: मांजराच्या मापाचा हेडसेट करता येईल का, त्यांचा माग कशाने घ्यावा, आणि त्या जगात असावं काय. प्राण्यांसाठी अशा जागा उभारण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यातल्या बहुतेक मांजरांसाठीच. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

हेडसेटचा विचार सोडून द्या. प्रयोगशाळांत उंदरांसाठी चिमुकले चष्मे झाले आहेत, पण तिथे उंदराचं डोकं पक्कं बसवलेलं असतं आणि तो जागच्या जागी धावतो. मेंदूच्या अभ्यासाला ते चालतं, खेळाला नाही. मांजर ऐकायला, हुंगायला, अंतर जोखायला डोकंच वापरतं. त्याचे कान एकमेकांपासून स्वतंत्र, जवळपास १८० अंशांत फिरतात. मिशा पुढे-मागे होतात. या सगळ्यावर काहीही बांधलं तर आधी ते काढायची झटापट होते आणि मग मांजर गप्प बसतं. पुष्कळांना वाटतं की त्याला सवय झाली. खरं तर ते भीतीने थिजलेलं असतं.

मग आभासी जग कुठे ठेवायचं? खोलीतच. २०१७ साली ‘नेचर मेथड्स’ या विज्ञाननियतकालिकात फ्रीमोव्हीआर नावाच्या यंत्रणेवर लेख आला होता. मोकळेपणी हिंडणाऱ्या उंदरांच्या, पाण्यातल्या माशांच्या आणि उडणाऱ्या माश्यांच्या भोवतालच्या पृष्ठभागांवर, प्राणी त्या क्षणी जिथे असेल तिथून बरोबर दिसेल असं चित्र दाखवायचं, अशी ती कल्पना. प्राण्याच्या अंगावर काहीच नाही. तुमच्या कामाची दिशा तीच. मात्र मांजराच्या बाबतीत तुम्ही ती पुष्कळ सोपी करू शकता, त्याकडे लगेच येतो.

त्याआधी एक जुना प्रयोग सांगायला हवा, कारण माझं सगळं काम त्यावर उभं आहे. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या संशोधकांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका गोल फिरणाऱ्या दांड्याला जोडल्या. एक पिल्लू स्वतः चालायचं. दुसरं टोपलीत बसलेलं, पहिल्याच्या चालण्याने फिरवलं जाणारं. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखंच दृश्य सरकत होतं, एरवी दोघं अंधारात. पुढे पाहिलं तर चालणारं पिल्लू नजरेच्या आधाराने पाय नीट टाकत होतं, कड्याच्या काठावरून मागे सरत होतं. टोपलीतल्याला ते जमत नव्हतं. मोकळं सोडल्यावर तेही लवकरच शिकलं, आणि असा प्रयोग आज कोणी करू नये असं माझं ठाम मत आहे. पण त्यातून कळतं ते इतकंच: मांजराला पाहणं कळतं ते स्वतःच्या हालचालीतून. पडद्यावर पक्ष्यांचा व्हिडिओ लावला की आपण मांजराला टोपलीत बसवतो. तुमच्या जगात मांजराने पाऊल टाकलं की काहीतरी बदललं पाहिजे, आणि तो बदल त्याच्या पावलामुळेच झाला हे त्याला कळलं पाहिजे.

आता सोपं करण्याबद्दल. भिंतीवर खोल जंगल दाखवायचं तर चित्र मांजराच्या डोळ्यांच्या जागेनुसार क्षणोक्षणी बदलावं लागतं. दोन मांजरं असली की दोघांना एकाच वेळी बरोबर दिसणारं चित्र एका पृष्ठभागावर काढताच येत नाही. शिवाय मांजराला दोन डोळ्यांनी वस्तू किती जवळ-दूर आहे हे कळतं, हे १९७१ सालापासून माहीत आहे. सपाट भिंतीवरचा खोटा खोलपणा त्याला फार काळ फसवत नाही. म्हणून मी एक साधा नियम करून टाकला: वस्तू ज्या पृष्ठभागावर दिसते, त्याच पृष्ठभागावर ती ‘राहत’ असली पाहिजे. जमिनीवर सरपटणारी सावली, गवताच्या पात्यांचं हलणं, पाण्यावरचा तरंग, पानाखाली शिरणारा किडा. हे सगळं जमिनीला चिकटलेलंच असतं. ते कुठल्याही कोनातून, कितीही मांजरांना, बरोबर जागीच दिसतं. दृष्टिकोनाचं सगळं गणित तिथेच संपतं. तुम्ही खेळ बनवणारे आहात, त्रिमितीचा मोह सुटणं अवघड आहे हे मला माहीत आहे. पण जमिनीवरच्या दोन मीटर बाय दोन मीटरच्या सपाट जगात मांजर जितकं रमतं, तितकं माझ्या कुठल्याही देखण्या भिंतीत रमलं नाही.

रंगांवर फार वेळ घालवू नका. मांजराच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मुख्यतः दोन प्रकारच्या, सुमारे ४५० आणि ५५० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी टिपणाऱ्या. निळं आणि पिवळट-हिरवं त्याला वेगळं कळतं, लाल मात्र काळपट, निस्तेज दिसतो. बारकावेही आपल्याइतके दिसत नाहीत: चांगल्या नजरेच्या माणसाला १०० फुटांवरून जे वाचता येईल, त्यासाठी मांजराला साधारण २० फुटांवर यावं लागेल. नाकासमोर वीतभर अंतरावर तर त्याला धूसरच दिसतं, तिथे मिशा कामाला येतात. याचा अर्थ पोत, केस, चमक यांवर घातलेले तुमचे तास मांजरापर्यंत पोचत नाहीत. पोचतो तो फिकट-गडद यांतला फरक आणि हालचाल. उजेड कमीच ठेवा, कारण आपल्याला लागतो त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या उजेडातही मांजर वावरू शकतं. प्रखर प्रोजेक्टर थेट छतावरून रोखला तर मान वर करणाऱ्या मांजराच्या विस्फारलेल्या बाहुल्यांत तो सरळ घुसतो. तो बाजूने, तिरका लावा आणि चित्राचा तिरकेपणा सॉफ्टवेअरने सुधारा. शक्यतो फिरत्या रंगचक्राचा डीएलपी प्रोजेक्टर टाळा. त्यात रंग एकामागून एक येतात, आणि वेगाने मान वळवणाऱ्या डोळ्याला ते सुटे दिसू शकतात. तिन्ही रंग एकदम दाखवणारा एलसीडी प्रकार मला बरा वाटतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र जेवढी काळजी घ्याल तेवढी थोडी. माणूस २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. मांजराची ऐकण्याची कक्षा मोजमापात सुमारे ४८ हर्ट्झपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंत भरली आहे. यात मी स्वतः मोठी चूक केली आहे. एका कामात मांजर किती जवळ आलं हे कळावं म्हणून मी चारही कोपऱ्यांत स्वस्तातले अल्ट्रासोनिक अंतरमापक लावले होते. खोली सुंदर झाली होती आणि एकही मांजर कोपऱ्याकडे फिरकत नव्हतं. दोन दिवस मी सावल्यांचे आकार बदलत बसलो. मग लक्षात आलं की ते सेन्सर ४० किलोहर्ट्झवर टिकटिक करत असतात. आपल्याला जी शांतता वाटते, ती त्यांच्या कानांत सतत टोचत होती. सेन्सर काढले आणि त्याच संध्याकाळी एक भाटी कोपऱ्यात जाऊन पसरली. खेळणी हलवणाऱ्या छोट्या मोटरींचंही तसंच. त्यांचा वेग सांभाळणारी सर्किटं बहुतेकदा मुद्दाम २० किलोहर्ट्झच्या थोडी वर चालवतात, माणसाला ऐकू येऊ नये म्हणून. खोलीत कुठलंही उपकरण आणण्याआधी ते नुसतं सुरू करून ठेवा आणि मांजर त्याच्याजवळ बसतं का ते पाहा. यापेक्षा चांगली चाचणी मला सापडलेली नाही.

आता याची दुसरी बाजू. नेहमीचे स्पीकर २० किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काही देत नाहीत, तेव्हा उंदरांच्या खऱ्या बारीक हाका तुम्ही वाजवू शकणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खसखस, कागदाची चुरचुर, लाकडावर नखांचा आवाज यांत मांजराला पुरेसं सापडतं. पण आवाज त्या वस्तूच्या जागेवरूनच आला पाहिजे. क्योतो विद्यापीठात साहो ताकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांजरांसमोर एक डबा हलवला. कधी आत खडखडायचं, कधी नाही. मग डबा उलटा केल्यावर कधी चेंडू पडायचा, कधी नाही. आवाज आणि चेंडू यांचा मेळ बसला नाही की मांजरं जास्त वेळ बघत राहायची. २०२१ मध्ये त्यांनी आणखी नेमकं काम केलं. मालकाचा आवाज आधी एका स्पीकरमधून आणि लगेच दूरच्या दुसऱ्याच जागेवरून आला, तेव्हा मांजरं चकित झाली. न दिसणारा माणूस कुठे असेल याचा नकाशा त्यांच्या डोक्यात असतो, असा त्याचा अर्थ. तुमच्या जगातल्या किड्यालाही हेच लागू आहे. पलंगाखाली शिरलेली सावली टेबलाजवळून निघाली, तर त्यात तुम्हाला गंमत दिसेल, मांजराला विसंगती. किती वेळा ते सोसेल हे प्रत्येक मांजरावर आहे, पण विश्वास उडाला की ते अंग मुडपून निघून जातं आणि तुमचं जग पुन्हा फक्त उजेड होऊन बसतं. म्हणून दोन मोठ्या स्पीकरांपेक्षा खेळाच्या जागेच्या कडेने सहा-आठ छोटे स्पीकर लावा, आणि जी गोष्ट जिथे लपली तिथलाच स्पीकर वाजवा.

माग घेण्याबद्दल. छताला अंतर मोजणारा (डेप्थ) कॅमेरा लावला की बहुतेक काम होतं, अंधारातही. तुमचा बोका काळा असेल तर अडचण येईल. गडद फर या कॅमेऱ्याचे अवरक्त किरण शोषून घेते आणि कॅमेऱ्याला मांजराच्या जागी भोक दिसतं. तिथे अंगाची उष्णता टिपणारा स्वस्त थर्मल कॅमेरा जोडीला घ्या, त्याला फरचा रंग बघायचा नसतो. शरीराचे बिंदू ओळखायला डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर वापरा. २०१८ पासून ते मोफत उपलब्ध आहे आणि थोड्या चित्रांवर शिकवता येतं. सगळं अंग टिपायची गरज नाही. नाक, दोन्ही कानांची टोकं, खांदे, शेपटीचं मूळ आणि टोक एवढं पुरे. गळ्यात पट्टा, पाठीवर ट्रॅकर यांच्या भानगडीत पडू नका.

खरी झुंज उशिराशी आहे. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. ओळख पटायला थोडा वेळ, प्रोजेक्टरचा आणखी थोडा, आणि बघता बघता १०० मिलिसेकंद होतात. सेकंदाला तीन मीटर धावणारा बोका तेवढ्यात ३० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. सावली निसटायला हवी तेव्हा तो तिच्यावर बसलेला असतो. वेगावरून पुढची जागा ताडणारा कालमन फिल्टर थोडा उपयोगी पडतो. पण मांजर स्वतःच आधी सांगत असतं, हे फार थोडे लोक वापरतात. दबा धरलेल्या मांजराचं पोट जमिनीला टेकतं, कान पुढे रोखले जातात, शेपटीचं टोक वळवळतं, आणि झेप घेण्याच्या जरा आधी मागचा भाग डोलायला लागतो. शेपटीच्या मुळाचं हे डावं-उजवं डोलणं तुम्ही टिपलंत की झेपेआधी वेळ मिळतो. तेव्हाच ठरवून टाका की भक्ष्य यावेळी सुटणार की सापडणार. झेप सुरू झाल्यावर निर्णय बदलू नका.

आणि इथून मी ज्याची सगळ्यात जास्त काळजी करतो तो भाग सुरू होतो. जमिनीवरचा प्रकाश पंजाखाली येतो तेव्हा पंजात काही नसतं. पाहणं, दबा धरणं, पाठलाग, झडप, पकड, चावा अशी मांजराच्या शिकारीची साखळी असते, आणि आपण तिची शेवटची कडी कापून टाकतो. २०२१ मध्ये मांजर पाळणाऱ्या सहाशेहून अधिक जणांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. लेझरने जास्त खेळवल्या जाणाऱ्या मांजरांमध्ये उजेडाच्या किंवा सावलीच्या मागे वेड्यासारखं लागणं, एकाच ठिपक्याकडे टक लावून बसणं अशा गोष्टी जास्त नोंदवल्या गेल्या होत्या. लेझरमुळेच ते झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण तुम्ही जे बनवू पाहताय तो एका अर्थी हुशार लेझरच आहे, हे मनात पक्कं असू द्या. मी प्रत्येक पाठलागाचा शेवट खऱ्या वस्तूत करतो. खेळाची जमीन फळ्यांची, दहा सेंटीमीटर उंच केलेली असते आणि तिला दोन-तीन फटी ठेवलेल्या असतात. सावली पळत पळत फटीत शिरते, आतून खसखस येते आणि त्याच फटीतून पिसाचं किंवा दोरीचं टोक खरोखर बाहेर येतं. मांजराने ते पकडलं, ओढलं, चावलं की मगच शेजारच्या छिद्रातून कोरड्या खाण्याचे दोन-चार दाणे पडतात. दोरी हाताने ओढलीत तरी चालेल. मी पहिलं वर्षभर पडद्यामागे बसून हातानेच ओढत होतो, आणि केव्हा ओढायचं आणि केव्हा सोडायचं हे मला तिथेच शिकायला मिळालं.

भक्ष्य कसं वागावं? ते पळतं, कधीही मांजराच्या अंगावर चालून येत नाही. सरळ रेषेत पळत नाही. मध्येच थांबतं, आणि थांबणं हेच सगळ्यात मोठं आमिष आहे, कारण त्या थांब्यातच मांजराला दबा धरायला जागा मिळते. मी थांबा एक ते तीन सेकंदांचा ठेवतो आणि मांजर खाली दबलं की तो लांबवतो. नवखे लोक नेमकं उलट करतात: मांजर स्थिर झालं की त्यांना वाटतं कंटाळलं, आणि ते सावलीचा वेग वाढवतात. कृपया असं करू नका. कडेला अर्धी दिसणारी, अर्धी लपलेली वस्तू पूर्ण दिसणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त ओढ लावते. आकार तुमच्या मुठीपेक्षा लहान ठेवा. उपाशी मांजर मोठ्या खेळण्यावरही तुटून पडतं, भरल्या पोटी ते लहानच पसंत करतं. सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी हे १९९८ मध्ये दाखवलं. त्यांच्याच २००२ च्या कामात आणखी एक फार उपयोगी गोष्ट आहे. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजराचा रस ओसरतो, पण पाचेक मिनिटांत वेगळं खेळणं दिलं तर ते पहिल्यापेक्षा जोरात खेळतं. म्हणजे ते थकलेलं नसतं. त्या खेळण्यात काहीच बदल होत नाही, त्याला विटलेलं असतं. खरं भक्ष्य हाणल्यावर तुटतं, फुटतं, त्याचा वास बदलतो. तुमची सावलीही प्रत्येक पकडीनंतर बदलली पाहिजे: आवाज जरा घोगरा, चाल लंगडी, आकार लहान. खेळ अवघड करत नेण्याची माणसांच्या खेळातली पद्धत इथे उपयोगाची नाही. एका वेळी दहा मिनिटं पुरेत, आणि ती पहाटे किंवा संध्याकाळी, जेव्हा मांजर आपणहून जागं आणि चपळ असतं.

२०२३ साली ब्लास्ट थिअरी या कलावंतांच्या गटाने नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर ‘कॅट रोयाल’ नावाची मांजरांची खोली उभारली होती. तीन मांजरं, १२ दिवस, रोज ६ तास, आणि त्यांना खेळ देणारा एक यांत्रिक हात. त्या कामातून मी घेतलं ते यंत्राबद्दल नव्हे, खोलीबद्दल: उंचावर बसायच्या जागा, दडायच्या गुहा, आणि गरज पडली तर हात घालायला जवळच असणारी माणसं. तुमच्या जगातही निम्मी जागा अशी ठेवा जिथे काहीच घडत नाही. दार उघडं ठेवा. बोका मनीला कोपऱ्यात गाठू शकणार नाही अशा दोन वाटा हव्यातच. कान मागे पडले, शेपूट सपासप आपटायला लागली, तोंड उघडून धाप लागली, यांपैकी एक जरी कॅमेऱ्याला दिसलं तर खेळ हळूहळू मावळू द्या आणि दिवे नेहमीसारखे करा. एकदम बंद करू नका. समोरचं भक्ष्य अचानक नाहीसं झालेलं मांजर बराच वेळ ते शोधत फिरतं.

तुमच्या हेडसेटबद्दल थोडक्यात. तुम्ही आत असताना मांजर तुमच्या जगात आहे तिथेच, आहे त्या आकारात दिसलं पाहिजे. त्याला वाघ करा, ढग करा, पण ते पायाच्या टप्प्यात आलं की कॅमेऱ्याचं खरं दृश्य उघडा आणि तुमची हालचाल थांबवा. बोक्याशी खेळताना जमिनीवर बसा, उभं राहून खेळू नका.

मनीबद्दल तुम्ही लिहिलंय की ती नुसती बघत बसते, तिला हे आवडणार नाही बहुधा. मला तसं वाटत नाही. दहा वर्षांच्या मांजराचं बघणं हाही खेळ आहे, आणि तिच्यासाठी मी पाठलाग ठेवणारच नाही. २०२१ मध्ये घरोघरच्या मांजरपालकांनी जमिनीवर कागदाचे आकार असे मांडले की मधे चौकोनाचा भास व्हावा, रेषा मात्र एकही नसावी. शेवटपर्यंत टिकलेली मांजरं थोडीच होती, पण ती त्या नसलेल्या चौकोनात जवळपास खऱ्या चौकोनाइतकीच जाऊन बसली. तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे. तिच्या नेहमीच्या जागेपासून दोन पावलांवर, मंद निळ्या उजेडात असे चार कोपरे काढा आणि बाकी काही करू नका. ती आत जाऊन बसली की तिच्याभोवतीचा उजेड किंचित उबदार होऊ द्या, इतका हळू की तिला मान वळवावी लागू नये. ती उठली की पुन्हा निळा. दुसऱ्या दिवशी चौकोन एक हात पुढे सरकवा आणि ती येते का ते पाहा.